पुढची गर्दी फोनला कोण सांगतं?

गेल्या महिन्यात धाकट्या भावाला मुंबईच्या विमानतळावर सोडायला महाडहून निघालो. त्याच्या व्हिसाची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. विमान चुकलं असतं तर नोकरी गेलीच म्हणायची. वाकण फाट्याच्या अलीकडे फोनवर पेणचा रस्ता लाल झाला आणि पाली-खोपोलीचा मार्ग पुढे आला. गाडी चालवणारे मामू म्हणाले, "मोबाईलला काय कळतंय?" मागून भाचा म्हणाला, "खाला, खरंच, याला कोण सांगतं?"

बहुतेकांना वाटतं, उपग्रह वरून गर्दी बघतो. तसं नाही. उपग्रहांच्या संकेतांवरून आपण कुठे आहोत एवढंच कळतं.

युरोपात मोटारीतल्या नकाशायंत्रांना ही खबर आधी एफएम रेडिओवरून मिळू लागली. जर्मनीत ही सेवा १९९७ साली सुरू झाली. गाणं चालू असतानाच त्याच लहरीवरून कानाला न ऐकू येणारे आकडे येत. वेग सेकंदाला जेमतेम ११८७ बिट, म्हणजे अख्खी वाक्यं पाठवणं परवडणारं नव्हतं. म्हणून एक आकडा घटनेचा (अपघात, कोंडी, रस्ता बंद) आणि एक ठिकाणाचा. त्यांचा अर्थ यंत्रातल्या यादीत आधीच भरलेला असे. तोच आकडा जर्मन माणसाच्या गाडीत जर्मन बोले, फ्रेंच माणसाच्या गाडीत फ्रेंच. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या मला याचं फार कौतुक वाटतं! पण ठिकाणाचा आकडा १६ बिटांचा, म्हणजे एका यादीत फार तर ६५,५३६ ठिकाणं. मोठे रस्ते त्यात आले, गल्लीबोळ राहिले.

पुढे यंत्रांत सिमकार्ड आलं. २००७ मध्ये नेदरलँड्समध्ये टॉमटॉम कंपनीने चालत्या गाड्यांमधल्या मोबाईलच्या हालचालीवरून रस्त्याचा वेग काढायला सुरुवात केली. आजही तत्त्व तेच आहे. पुढच्या गाड्यांतले फोन आपली जागा आणि वेग पाठवतात, ते रखडले की रेघ लाल होते. आपला फोनही मागच्यांसाठी हेच करत असतो, आपल्याला न विचारता म्हणा ना. परवानगी कधीतरी घाईत आपणच दिलेली असते.

म्हणून घाटात रेंज गेली की पडद्यावरचा रंग शिळा समजावा.

मामूंनी कुरकुरत का होईना, गाडी पालीकडे वळवली. वाटेत दोनदा रेंज गेली. पेणला खरोखर किती गर्दी होती ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. विमानतळावर पोहोचलो तेव्हा काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं होती.