तज्ज्ञाची साक्ष

निपाणी-बेळगावकडे उपचारांत कुणी दगावले व मनात शंका राहिली, की आप्तांना सल्ला मिळतो: दुसऱ्या डॉक्टरांचे प्रतिज्ञापत्र आणा. गावातील डॉक्टर व्यवसायबंधूविरुद्ध सहसा लिहून देत नाहीत. मग कोल्हापूर-पुण्याच्या खेपा सुरू होतात आणि ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदत सरत जाते.

खाजगी फौजदारी तक्रारीपुरती ही अट रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात ती घातली. ऊठसूट डॉक्टरांना आरोपी केले, तर अवघड शस्त्रक्रियेला हात कोण घालील? भरपाईचा दावा मात्र निराळा. हैदराबादेत हिवताप झालेल्या एका स्त्रीवर विषमज्वराचे उपचार झाले व ती वारली. तिचे पती किशन राव हिवताप खात्यातच अधिकारी होते! त्यांच्या दाव्यात २०१० साली त्याच न्यायालयाने सांगितले, की तज्ज्ञाची साक्ष प्रत्येक प्रकरणात अनिवार्य नाही. प्रश्न गुंतागुंतीचा असेल तेथेच ती मागवावी.

तेव्हा वाचकहो, आधी उपचारांची कागदपत्रे लेखी अर्जाने मागावीत. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार ती ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अर्जाची पोच घ्यावी, तारखेसह.