आधी कान, मग पेचकस

जॉबकार्डावर तक्रारीच्या रकान्यात ‘आवाज येतो’ एवढेच लिहून लॅपटॉप टेबलावर घ्यायचा, हा आपल्या धंद्यातला जुना आणि महाग पडणारा प्रघात आहे. पुढचे सगळ्यांना पाठ आहे. मागचे झाकण निघते, पंख्यावर ब्लोअर मारला जातो, प्रोसेसरवर नवी पेस्ट लागते आणि तरीही समाधान झाले नाही तर विंडोज नव्याने टाकले जाते. दुकानात मशीन गप्प राहते, ग्राहक पैसे देऊन घरी नेतो आणि काही दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत येतो. यात हाताचे कसब कमी पडलेले नसते, कामाचा क्रम चुकलेला असतो. लॅपटॉपचा आवाज ठरावीक परिस्थितीतच उमटतो आणि झाकण उघडताच ती परिस्थिती मोडते. हवेची वाट बदलते, स्क्रूंचा ताण सुटतो, चार्जर निघतो, ज्या आधारावर बोर्ड थरथरत होता तो आधारच जातो. पुरावा आपणच पुसतो आणि मग अंदाजाने सुटे भाग बदलत बसतो. म्हणून आवाज कोणत्या अवस्थेत येतो आणि कोणत्या अवस्थेत थांबतो, हे ठरल्याशिवाय एकही स्क्रू सैल करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बल्लारपूर परिसरातल्या वाचकांना ही रीत नवी वाटायला नको. भूमिगत कोळसा खाणीत कामाच्या जागी छत सुरक्षित आहे का हे पाहायला खाणकामगार ते आधी ठोकतात. टणक नाद आला तर छत भक्कम, पोकळ आला तर वरचा थर सुटलेला. तिथे कोणी आवाज आपणहून येण्याची वाट पाहत नाही. एक क्रिया करायची आणि तिला मिळणारे उत्तर ऐकायचे. लॅपटॉपलाही असेच प्रश्न विचारता येतात. पहिला प्रश्न व्हॉल्यूम पूर्ण बंद करण्याचा. आवाज थांबला तर तो स्पीकरमधून येत होता. मग विसरलेला ब्राउझर टॅब, सूचना देणारे ॲप, ड्रायव्हरच्या दिरंगाईमुळे होणारी करकर किंवा सैल यूएसबी जोडणीमुळे पुन्हा पुन्हा वाजणारी जोडल्या-तुटल्याची घंटी, यांच्याकडे वळावे. थांबला नाही तर विंडोज नव्याने टाकण्यात काहीच अर्थ नाही. दुसरा प्रश्न चार्जर काढण्याचा, तिसरा प्रोसेसरवर भार टाकून पुन्हा उतरवण्याचा, चौथा स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करण्याचा, पाचवा मशीन हलक्या हाताने तिरके धरण्याचा. मात्र आत फिरणारी हार्ड डिस्क असेल तर हा शेवटचा प्रश्न टाळावा. या सगळ्याला पाच-सात मिनिटे लागतात आणि शंकेच्या बहुतेक वाटा तेवढ्यात बंद होतात.

या प्रश्नांना अर्थपूर्ण उत्तरे मिळतात, कारण प्रत्येक आवाजामागे वेगळी भौतिक क्रिया असते. व्होल्टेज उतरवणारी सर्किटे सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात. हा वेग माणसाच्या कानाच्या २० हजार हर्ट्झच्या मर्यादेपलीकडचा आहे. पण भार हलका झाला की वीज वाचवण्यासाठी सर्किट मधले ठोके गाळते, वारंवारता खाली उतरते आणि कॉइलची बारीक शीळ ऐकू येऊ लागते. बोर्डावरचे सिरॅमिक कपॅसिटरही बदलत्या व्होल्टेजने किंचित आक्रसतात, फुगतात आणि सगळा बोर्ड वाजवतात. म्हणूनच पान सरकवताना येणारी आणि जड काम सुरू होताच बदलणारी शीळ पंख्याची असूच शकत नाही. अशा आवाजात किती माहिती दडलेली असते हे २०१३ साली गेन्किन, शमीर आणि ट्रोमर या संशोधकांनी दाखवले. लॅपटॉपच्या विद्युत भागांचा आवाज टिपून त्यांनी ४०९६ बिटची आरएसए गुप्त किल्ली शोधून काढली. प्रोसेसर काय करतो आहे याची खूण ज्या आवाजात उमटते, त्याला ‘उगाच येणारा’ म्हणून सोडून देणे कारागिराला शोभत नाही.

स्थानिक परिस्थितीचा विचार न करता केलेले निदान इथे हमखास फसते. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. हीटसिंक भोवतालच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, त्यामुळे त्या दिवसांत दुपारी पंखा पूर्ण वेगाने घोंघावणे हे बिघाडाचे लक्षण नसून त्याने काम चोख बजावल्याचे लक्षण असू शकते. वेग जास्त आणि बाहेर पडणारी हवा मात्र जेमतेम, असे असेल तर धूळ साचली आहे; कोळशाच्या वाहतुकीच्या रस्त्यालगतच्या गावांत तर ही शंका आधी घ्यावी. मशीन तिरके करताच खरखर बदलली तर बेअरिंग गेले आहे आणि नुसत्या सफाईने भागणार नाही. साफ करतानाही पाते बोटाने किंवा काडीने अडवून मगच ब्लोअर मारावा, नाहीतर भरधाव फिरून चांगले बेअरिंगही खराब होते. विजेचेही तसेच. गडचिरोलीच्या आतल्या भागात पुरवठा खंडित झाला की लॅपटॉप इन्व्हर्टरवर चालतो, आणि स्क्वेअर वेव्ह देणाऱ्या स्वस्त इन्व्हर्टरवर चांगला ॲडॉप्टरसुद्धा गुणगुणतो. स्पीकरमधली घरघर चार्जर काढताच थांबत असेल तर ॲडॉप्टर आणि घरचे अर्थिंग तपासायला हवे. दुकानातल्या चांगल्या सॉकेटवर हा आवाज येणारच नाही. म्हणून ‘आमच्याकडे आला नाही’ एवढ्यावर थांबू नये, ‘घरी कशावर चालवता?’ हे विचारावे.

काही आवाजांत मात्र प्रश्न विचारत बसायला वेळ नसतो, आणि ते वेगळे काढता येणे हाच या शिस्तीचा मोठा फायदा आहे. हार्ड डिस्कने अधूनमधून एखादी टिकटिक करणे हे हेड बाजूला ठेवल्याचे लक्षण असू शकते. सारखी एका लयीत टकटक होत असेल आणि बायोसला डिस्क दिसत नसेल, तर मशीन तत्काळ बंद करावे. ५४०० आरपीएमची तबकडी सेकंदाला ९० फेरे मारते. निकामी हेड तिच्यावर घासत असेल तर प्रत्येक नव्या स्टार्टबरोबर माहिती खरवडली जाते. अशा वेळी डिस्क तपासणारा प्रोग्रॅम चालवणे म्हणजे उरलेसुरले घालवणे. टचपॅड वर आला आहे आणि हाताखाली कुरकुर होते, तर आतली बॅटरी फुगली आहे; ती दाबून पाहू नये. उलट, बाहेरचा आवाजही यंत्र बिघडवू शकतो. जॅनेट जॅक्सन यांचे १९८९ सालचे ‘रिदम नेशन’ हे गाणे वाजले की काही जुने लॅपटॉप, अगदी शेजारी ठेवलेलेसुद्धा, बंद पडत. त्यातल्या ५४०० आरपीएम डिस्कची नैसर्गिक वारंवारता गाण्यातल्या स्वरांशी जुळत होती. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २०२२ साली हा किस्सा सांगितला आणि त्याची सुरक्षा-त्रुटी म्हणून अधिकृत नोंदही झाली. असा दोष नुसते झाकण उघडून कोणाला सापडला असता?

यावर पहिला आक्षेप पैशांचा. ग्राहक सुट्या भागाचे पैसे देतो, ऐकण्याचे देत नाही. हे खरे आहे, पण त्याला आपणच जबाबदार आहोत. आपण निदान पावतीवर कधी लिहीतच नाही. एटापल्ली किंवा भामरागडहून सेवा केंद्राचा लॅपटॉप घेऊन येणाऱ्याचा प्रवासात पूर्ण दिवस जातो. चुकीच्या निदानामुळे त्याला दुसरी फेरी पडली तर त्याच्या दृष्टीने आपली दुरुस्ती दुप्पट महाग झाली. त्याने निघण्यापूर्वी आवाजाचा व्हिडिओ आणि वरच्या चार-पाच प्रश्नांची उत्तरे पाठवली, तर काही फेऱ्या वाचतील आणि काहींमध्ये योग्य भाग आधीच मागवून ठेवता येईल. दुसरा आक्षेप असा की एसएसडी आणि बिनपंख्याची मशीन आल्यावर हे सारे कालबाह्य होणार. डिस्कची टकटक आणि बेअरिंगची खरखर नक्कीच कमी होईल. पण पंख्याच्या आवाजाखाली झाकली जाणारी कॉइलची शीळ शांत मशीनमध्येच अधिक ठळक ऐकू येते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: कान भरवशाचा नाही, वयाबरोबर वरचे स्वर ऐकू येईनासे होतात आणि बाजारात गोंगाट असतो. हे मान्य करूनच आम्ही आवाजाच्या वर्णनापेक्षा अवस्थेवर भर देत आहोत. शीळ किती बारीक आहे यावर दोघांचे एकमत होणार नाही. चार्जर काढल्यावर ती थांबली की नाही यावर होईल. जिथे कान कमी पडतो तिथे फोनवर वारंवारतेचा आलेख दाखवणारे मोफत ॲप वापरावे किंवा दुकानातल्या तरुण मदतनिसाला ऐकायला लावावे.

शेवटी एक अवघड गोष्ट उरते. नीट निदान केल्यावर बऱ्याचदा ‘काही करू नका’ असे सांगावे लागेल. कॉइलची शीळ त्रासदायक असली तरी सहसा धोक्याची सूचना नसते, आणि मदरबोर्ड बदलूनही नवा बोर्ड वाजणार नाही याची खात्री देता येत नाही. मे महिन्यातला पंख्याचा घोंघावही तसाच. हे सांगितल्याने त्या दिवसाचे बिल बुडेल. पण ज्या दुकानाने एकदा ‘याला पैसे घालू नका’ असे सांगितले, त्याच दुकानाचे ‘आत्ता बंद करा, डेटा धोक्यात आहे’ हे म्हणणे ग्राहक ऐकतो. तेव्हा पुढच्या छपाईच्या वेळी जॉबकार्डावर ‘आवाज’ या रकान्याखाली चार ओळी वाढवाव्यात: व्हॉल्यूम बंद असताना, चार्जर काढल्यावर, भार टाकल्यावर आणि घरी कोणत्या विजेवर. त्या भरल्याशिवाय मशीन उघडायचे नाही, हा नियम मालकाने आधी स्वतःला लावावा आणि मग नोकराला.