कृमीची झुंज आणि आजोबांना न आलेला ताप

‘जंत’ म्हटले की पोटदुखी आणि शाळेत मिळणारी गोळी आठवते. आज ज्या कृमीची ओळख करून द्यायची आहे, तो मात्र कुणाच्या पोटात राहत नाही. गोलकृमींच्याच कुळातला, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक असा हा जीव कुजलेल्या फळांत वाढतो आणि तेथील जीवाणू खाऊन जगतो. सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स हे त्याचे शास्त्रीय नाव. सिडनी ब्रेनर यांनी १९७४ साली त्याच्या आनुवंशिकतेवरील संशोधन प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून तो प्रयोगशाळांचा रहिवासी झाला.

या कृमीचे अन्न हाच त्याचा संभाव्य शत्रू असतो. त्याच्या घशात जात्यासारखी एक रचना असते. गिळलेले जीवाणू तिथे भरडले जातात. परंतु स्यूडोमोनास एरुजिनोसा या जीवाणूवर त्याला ठेवले, तर काही जीवाणू जिवंतच आतड्यात उतरतात, तिथे ठाण मांडून वाढतात आणि काही दिवसांत कृमीचा बळी घेतात. हाच जीवाणू भाजलेल्या जखमा, मधुमेही पाय, लघवीची नळी आणि व्हेंटिलेटर यांच्या वाटेने माणसालाही गाठतो.

या कृमीजवळ पांढऱ्या पेशींची फौज नाही, प्रतिपिंडेही नाहीत. त्याच्या आतड्यात अवघ्या २० पेशी आहेत आणि लढायचे ते त्यांनीच. जीवाणूची चाहूल लागताच पेशीच्या आत ‘पी-३८’ नावाची संदेशसाखळी जागी होते आणि जीवाणूंचा प्रतिकार करणारी प्रथिने तयार होऊ लागतात. ही साखळी बिघडवलेले कृमी संसर्गाने लवकर मरतात, असे २००२ साली दिसून आले. याच कुळातली साखळी आपल्या पेशींतही आहे. शिवाय कृमी शिकतोही: ज्या जीवाणूने एकदा आजारी पाडले, त्याचा वास ओळखून तो पुढे त्याला टाळू लागतो.

आता आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग. कृमीचे आयुष्य दोन-तीन आठवड्यांचे. वय झाले की घशाची हालचाल मंदावते, आतड्यात जीवाणू साचू लागतात आणि पी-३८ची हाकही क्षीण होते. शत्रू तोच असतो. पहारेकरी थकलेला असतो.

माणूस म्हणजे कृमी नव्हे. आपली प्रतिकारयंत्रणा कितीतरी गुंतागुंतीची आहे. तरीही उतारवयात आपलाही इशारा मंद होतो, हे खरेच. दवाखान्यात नातेवाईक सांगतात, “डॉक्टर, ताप नाही, पण बाबा कालपासून असंबद्ध बोलताहेत.” अशा वेळी मी प्रथम संसर्ग शोधतो. वृद्धांमध्ये न्यूमोनिया किंवा लघवीच्या मार्गाचा गंभीर संसर्गही तापाविना येऊ शकतो.

म्हणून, घरात ज्येष्ठांची सेवा करणाऱ्यांनो, ताप हाच एकमेव निकष मानू नका. ते निरोगी असताना त्यांचे नेहमीचे तापमान वहीत नोंदवून ठेवा. त्याहून दोन अंश फॅरेनहाइट अधिक आढळले, तर आकडा शंभराच्या आत असला तरी दखल घ्या. अचानक आलेला गोंधळ किंवा सुस्ती, जेवणावरची वासना उडणे, तोल जाऊन पडणे, मिनिटाला पंचवीसहून अधिक श्वास, यांपैकी काहीही दिसले, तर ‘वयामुळे होते’ असे म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

जेवण ताठ बसवून, लहान घासांनी भरवा. दात व कवळी रोज स्वच्छ करा. रात्री कवळी काढून ठेवा. लघवीची नळी असल्यास हात धुऊनच तिला स्पर्श करा आणि पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवा. उरलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका. फ्लू व न्यूमोकॉकसच्या लसींविषयी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारा.

कृमीला म्हातारपणी सोबत नसते. त्याच्या थकलेल्या पहाऱ्यावर दुसरे कुणी उभे राहत नाही. आपल्या घरातल्या आजी-आजोबांच्या बाबतीत मात्र तो पहारा आपल्याला करता येतो.