सोपी म्हणून जिंकली, की जिंकली म्हणून सोपी?

संगणकाच्या इतिहासाविषयी गप्पा निघाल्या की एक वाक्य हमखास ऐकू येते : विंडोज सोपी होती म्हणून घरोघरी पोहोचली, लिनक्स अवघड होती म्हणून तज्ज्ञांपुरती राहिली. वाक्य इतके सुटसुटीत आहे की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटतच नाही. हा धागा ते तपासण्यासाठी आहे. विंडोज अवघड होती असा उलट दावा येथे नाही. या वाक्यात कारण आणि परिणाम यांच्या जागा बदलल्या गेल्या आहेत, एवढेच म्हणणे आहे.

सुरुवात विंडोजच्या आधीपासून करावी लागते. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला, तेव्हा छोट्या संगणकांच्या जगात गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमचा दबदबा होता. एका फ्लॉपीवरून दुसरीवर फाइल न्यायची तर सीपी/एममध्ये 'पिप' नावाचा प्रोग्रॅम चालवावा लागे, आणि त्याला आधी 'कुठे' ते सांगून मग 'कुठून' ते सांगावे लागे. टिम पॅटरसन यांनी लिहिलेल्या आणि मायक्रोसॉफ्टने विकत घेतलेल्या डॉसमध्ये त्याच कामासाठी 'कॉपी' हा सरळ शब्द होता. क्रमही आधी उगम, मग मुक्काम असा. शिवाय सीपी/एममध्ये फ्लॉपी बदलल्यावर कंट्रोल-सी दाबायचे राहिले तर त्या फ्लॉपीवर लिहिताच येत नसे. डॉसमध्ये ही कटकट नव्हती. तेव्हा सोपेपणाचा एक खराखुरा मुद्दा डॉसच्या बाजूने होता, हे मान्य केले पाहिजे.

पण आयबीएमच्या पीसीसाठी डॉसची किंमत होती ४० डॉलर आणि सीपी/एम-८६ ची २४० डॉलर. त्यातही सीपी/एम-८६ काही महिने उशिरा आली. ग्राहकाने 'पिप' आणि 'कॉपी' यांची तुलना करून निर्णय घेतला, असे मानायला कल्पनाशक्ती बरीच ताणावी लागेल.

सोपेपणावरच लढाया जिंकल्या जात असत्या, तर हा सामना जानेवारी १९८४ मध्येच संपला असता. त्या महिन्यात ॲपलचा मॅकिंटॉश आला. चित्रे, मेन्यू, माउस, एकमेकींवर सरकणाऱ्या खिडक्या असे सारे त्यात होते. नोव्हेंबर १९८५ मध्ये आलेल्या विंडोजच्या पहिल्या आवृत्तीत खिडक्या एकमेकींवर ठेवताच येत नसत. त्या फरशांसारख्या शेजारी शेजारी बसवाव्या लागत. तरी जगभरच्या कचेऱ्यांच्या टेबलांवर मॅकिंटॉश पसरला नाही. त्याची किंमत २,४९५ डॉलर होती, आणि त्या टेबलांवर डॉस आधीच येऊन बसली होती.

आणि मॅकिंटॉशचा तो सोपेपणा तरी कसा होता? पहिल्या कळफलकावर बाणांच्या कळाच नव्हत्या. माणसाने माउस वापरायला शिकावे म्हणून त्या मुद्दाम वगळल्या होत्या. फ्लॉपी बाहेर काढण्याची रूढ पद्धत अशी, की तिचे चित्र ओढून कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. आपले काम कचऱ्यात टाकताना नवशिक्याचा हात थबकत असणार. दोन-चार दिवसांत तो सरावत असे आणि मग हीच प्रणाली जगात सर्वांत सोपी आहे, असे इतरांना सांगत असे.

हे कोडे उलगडणारा माणूस ॲपलमधूनच आलेला होता. १९७९ मध्ये मॅकिंटॉश प्रकल्पाचा आरंभ करणाऱ्या जेफ रास्किन यांनी १९९४ मध्ये एक छोटा लेख लिहिला. ज्याला आपण 'सहज उमजणारे' म्हणतो ते बहुतेक वेळा केवळ 'ओळखीचे' असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मराठीत यासाठी 'अंगवळणी पडणे' हा शब्दप्रयोग पूर्वीपासून आहेच. इतिहासाच्या अभ्यासकांना तर याचे उदाहरण दूर शोधायला नको. मोडी आज अवघड लिपी म्हणून ओळखली जाते आणि ती शिकायला वर्ग लावावे लागतात. पेशवे दफ्तरातील कारकुनाला मात्र लेखणी फारशी न उचलता भराभर लिहिता यावे, यासाठी मोडीच सोयीची होती. छापखान्याने बाळबोध उचलली, पुढे शाळांतून मोडी गेली, आणि 'अवघड' हे विशेषण तिला त्यानंतर चिकटले. लिपीचे वळण तेच राहिले, सराव गेला.

आता विंडोजचा सराव जगाला कसा झाला ते पाहू. डॉसला १९९० च्या सुमारास खरा प्रतिस्पर्धी होता : किल्डॉल यांच्याच कंपनीची डीआर-डॉस. तिची स्मृती-व्यवस्था मायक्रोसॉफ्टच्या तेव्हाच्या डॉसहून सरस होती. परंतु संगणक बनवणाऱ्या कंपन्यांशी मायक्रोसॉफ्टने केलेल्या अनेक करारांत अशी अट असे, की कंपनीने विकलेल्या प्रत्येक यंत्रामागे पैसे द्यायचे, मग त्यात मायक्रोसॉफ्टची प्रणाली असो वा नसो. अशा करारानंतर दुसऱ्याची प्रणाली बसवणे म्हणजे एका मालासाठी दोनदा पैसे मोजणे होते. १९९४ मध्ये अमेरिकी न्याय खात्याशी झालेल्या तडजोडीत ही पद्धत सोडावी लागली. तोवर विंडोज ३ घरोघरी पोहोचली होती. डिसेंबर १९९१ मध्ये विंडोज ३.१ ची चाचणी-आवृत्ती परीक्षकांना देण्यात आली. तिच्यात, खाली डीआर-डॉस आढळल्यास गूढ त्रुटी-संदेश दाखवणारा कोड दडवलेला होता. विक्रीच्या आवृत्तीत तो निष्क्रिय होता, पण काढलेला नव्हता. 'दुसरी प्रणाली भरवशाची नाही' ही समजूत कधीकधी अशीही घडवली जाते.

ओएस/२ ची कथा याहून बोलकी आहे, कारण तेथे प्रतिस्पर्धी कुणी गरीब स्वयंसेवक नव्हता, खुद्द आयबीएम होती. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्ट खटल्यात जे वस्तुस्थितीविषयक निष्कर्ष नोंदवले, त्यांत ओएस/२ वॉर्पचा उल्लेख आहे : ऐन भरात तिच्यावर सुमारे २,५०० प्रोग्रॅम चालत आणि बाजारातला तिचा वाटा १० टक्के होता. एवढे बळ असूनही ती उभी राहू शकली नाही. लोक तेथे जातात जेथे प्रोग्रॅम असतात, आणि प्रोग्रॅम लिहिणारे तेथे जातात जेथे लोक असतात. या चक्राला न्यायालयाने प्रवेशाचा अडसर मानले. त्यात मेन्यू कुठे आहे आणि बटण कोणत्या रंगाचे आहे, याला स्थान फारच थोडे.

विंडोज ९५ ला तिचे श्रेय दिलेच पाहिजे. नवशिक्यांना समोर बसवून, ते कुठे अडखळतात हे पाहत पाहत मायक्रोसॉफ्टच्या रचनाकारांनी ती घडवली. 'स्टार्ट' हा शब्द लिहिलेले बटण त्या निरीक्षणांतून आले. हे काम प्रामाणिक होते आणि ते फळाला आले. मात्र संगणक बंद करण्यासाठी 'स्टार्ट' दाबावे लागे, या विसंगतीवर जगाने विनोद केले आणि ती निमूटपणे आत्मसातही केली. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ मधून तेच बटण काढले गेले, तेव्हा सतरा वर्षांचा सराव एका रात्रीत निरुपयोगी झाला आणि गहजब उडाला. वर्षभरात बटण परत आले, २०१५ मध्ये मेन्यूही परतला. एकाच कंपनीच्या एका आवृत्तीवरून दुसरीवर जाताना इतका त्रास झाला. लिनक्सकडे जाताना होणारा त्रास मात्र लिनक्सच्या स्वभावात आहे असे म्हटले जाते. हा न्याय विचित्र आहे.

दुसऱ्या बाजूचे कौतुकही आवरते घ्यावे लागेल. लिनक्सचे समर्थक अनेकदा 'अवघड काहीच नाही, फक्त शिकायची इच्छा हवी' असे सांगतात, आणि ते खरे नाही. १९९० च्या दशकात लिनक्सवर चित्रमय पडदा सुरू करण्यासाठी एका फाइलमध्ये मॉनिटरची वारंवारता हाताने लिहावी लागे. आकडे चुकले तर मॉनिटर बिघडण्याचा इशारा माहितीपुस्तिकांतच दिलेला असे. मोडेमची तऱ्हा आणखी वाईट. खर्च वाचवण्यासाठी त्या काळी असे मोडेम निघाले, की त्यांचे बरेचसे काम विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर करी. लिनक्सखाली ते निव्वळ प्लास्टिकचे तुकडे ठरत. ज्याचे इंटरनेटच चालत नाही त्याला 'मदतीसाठी इंटरनेटवर पाहा' असे सांगणाऱ्या समूहाने स्वतःच्या लौकिकाची तक्रार करू नये. पण ही अडचण नेमकी कुठे होती? मोडेम बनवणाऱ्याने एकाच प्रणालीसाठी ड्रायव्हर लिहिला होता, कारण गिऱ्हाईक तेथे होते. म्हणजे पुन्हा तेच चक्र.

लिनक्स दुकानातूनच बसवून मिळाली तर काय होते, याची परीक्षा इतिहासाने एकदा घेतलेली आहे. २००७ च्या अखेरीस असुसने ईईई पीसी हा सात इंची पडद्याचा चिमुकला लॅपटॉप आणला. त्यावर लिनक्स होती. 'इंटरनेट', 'काम', 'शिक्षण', 'खेळ' अशा अर्थाचे मोठे कप्पे आणि त्यांत ठळक चित्रे. कुणाला आज्ञा टंकित कराव्या लागत नव्हत्या, ड्रायव्हर शोधावे लागत नव्हते. यंत्र खपले. मायक्रोसॉफ्टची नवी व्हिस्टा अशा यंत्रांना पेलणारी नव्हती, आणि जुन्या एक्सपीची विक्री जून २००८ मध्ये थांबायची ठरली होती. एप्रिल २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने या छोट्या यंत्रांपुरती एक्सपी होमची मुदत वाढवली. निवृत्त होऊ घातलेला सरदार पुन्हा मोहिमेवर काढला गेला, तो समोरची प्रणाली अवघड होती म्हणून नव्हे.

येथवरचा इतिहास अमेरिका-तैवानचा झाला. महाराष्ट्राचा त्यात एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि तो क्वचितच लिहिला जातो. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ ची, आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००२ चा. गावोगावच्या केंद्रांतून लाखो मराठी माणसांनी संगणक प्रथम हाताळला तो याच अभ्यासक्रमात. शासकीय नोकरीतील संगणक-अर्हतेसाठीही तो चालू लागला. हे काम मोठे आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्या केंद्रांत 'संगणक शिकणे' याचा अर्थ मुख्यतः विंडोज आणि ऑफिस शिकणे असा होता. एका पिढीचा हात सार्वजनिक व्यवस्थेने एका खासगी प्रणालीवर बसवला. त्याच पिढीने पुढे कचेरीत 'आम्हाला हेच सोपे जाते' असे म्हटले, तर ते खरेच आहे. मात्र तो प्रणालीचा गुण नसून शिकवणीचा परिणाम आहे.

कळफलकाचेही तेच. भारत सरकारने १९८६ मध्ये प्रमाणित केलेला इनस्क्रिप्ट विचारपूर्वक रचलेला आहे : स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे, 'क' च्या कळेवर शिफ्ट दाबली की 'ख'. बंगाली किंवा तेलुगू लिहायची तरी 'क' त्याच जागी. तरीही टंकलेखन यंत्रावर बोटे घडलेल्या मराठी टायपिस्टांना जुनाच आराखडा हवा होता, आणि फॉन्ट विकणाऱ्यांनी तो पुरवला. त्यांच्यासाठी इनस्क्रिप्ट खरोखर अवघड होता. पहिल्यांदाच मराठी टंकणाऱ्या मुलासाठी तो अवघड होता का, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही.

केरळात तो प्रश्न विचारला गेला, प्रणालीबाबत. तेथील शालेय संगणक-शिक्षणाची योजना २००१ च्या सुमारास सुरू झाली, आणि प्रारंभी तिचा पाया विंडोजचाच होता. शिक्षक व मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतील कार्यकर्ते यांच्या आग्रहामुळे त्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारी शाळा ग्नू/लिनक्सकडे वळल्या. आधी शिक्षकांना प्रशिक्षण दिले गेले, शाळांच्या गरजेप्रमाणे जुळवलेली प्रणाली तयार झाली, दहावीची माहिती तंत्रज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षाही तिच्यावर होऊ लागली. मलप्पुरम किंवा पालक्काडच्या मुलांचा मेंदू नगर-नाशिकच्या मुलांहून वेगळा आहे, असे कुणी म्हणणार नाही. त्यांच्यापुढे पहिल्या दिवशी वेगळा पडदा होता.

हा वाद आता केवळ इतिहासाचा उरलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारी असंख्य यंत्रे अधिकृतरीत्या अपात्र ठरली आहेत. शाळा, ग्रंथालये, ग्रामपंचायती यांपुढे नवे यंत्र घेणे, मुदतवाढीचे पैसे भरणे, असुरक्षित यंत्र तसेच वापरणे किंवा दुसरी प्रणाली बसवणे एवढेच मार्ग आहेत. शेवटचा मार्ग चर्चेला येताच 'आपल्या लोकांना अवघड जाईल' या एका वाक्यावर बैठक पुढच्या विषयाकडे वळते. ज्यांना अवघड जाईल त्यांना किती दिवस शिकवावे लागेल, कोण शिकवील आणि त्याला नव्या यंत्रांच्या तुलनेत किती खर्च येईल, हा हिशेब मांडलाच जात नाही. केरळच्या बहुतांश सरकारी शाळांतील प्रयोगशाळांवर त्या तारखेने असा प्रसंग आणला नाही. तेथल्या यंत्रांवर विंडोज नव्हतीच.