ट्रॉम्बेचे अणू आणि गरिबाचे हृदय

अणुशक्तीचा विषय निघाला की समाजवादी चळवळीत पोखरण आठवते, नाहीतर जैतापूर. ते स्वाभाविकच आहे. परंतु ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांतून बॉम्बखेरीज आणखीही काही निघत आले आहे: रुग्णाच्या शिरेत टोचण्याची किरणोत्सारी द्रव्ये. 'अप्सरा' १९५६ साली सुरू झाली, परळचे विकिरण वैद्यक केंद्र १९६३ साली उभे राहिले. हे सारे जनतेच्या पैशातून झाले. त्याचा लाभ कोणाच्या हृदयापर्यंत पोहोचला, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

तपासणीचे तत्त्व साधे आहे. टेक्नेशियम किंवा थॅलियमयुक्त द्रव्य शिरेतून दिले की हृदयाचा स्नायू जेथे रक्त पोहोचते तेथे ते शोषून घेतो आणि गॅमा कॅमेरा त्याचे चित्र टिपतो. एक चित्र श्रमाचे, एक विश्रांतीचे. श्रमात दिसलेली उणीव विश्रांतीत भरून निघाली, तर स्नायू जिवंत पण अर्धपोटी. दोन्ही चित्रांत ती कायम राहिली, तर तेथे बहुधा मृत व्रण. 'बहुधा' अशासाठी की, दुष्काळात माणसाने हालचाल आवरून पडून राहावे तसा काही स्नायू आकुंचन सोडून निपचित असतो, मेलेला नसतो. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर त्याने उचलली, तर पेट कॅमेऱ्यात त्याचे जिवंतपण उघड होते. अँजिओग्राफी रक्तवाहिनीचे अरुंदपण दाखवते. त्यापायी स्नायू खरोखर उपाशी आहे काय, हे ती सांगत नाही.

येथेच अर्थकारणाचा शिरकाव होतो. नळी अरुंद दिसली की स्टेंट, हा धंद्याचा सोपा हिशेब. 'स्टेंटची गरज नाही' असे सांगणाऱ्या तपासणीने रुग्णालयाची मिळकत घटते. स्टेंटच्या किमती इतक्या बेलगाम झाल्या होत्या की, फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारला औषधी स्टेंटची कमाल किंमत सुमारे ३० हजारांवर आणून बांधावी लागली. ऐन झटक्यात बंद नळी उघडल्याने प्राण वाचतात, याविषयी वाद नाही. वाद आहे तो स्थिर रुग्णांवरील शस्त्रकर्माचा, ज्याचे पैसे आता महात्मा फुले जनआरोग्य योजनेसारख्या योजनांतून सार्वजनिक तिजोरीही भरते.

मात्र चित्रालाच देव मानणेही चूक ठरेल. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' अभ्यासात पाच हजारांहून अधिक स्थिर रुग्ण होते आणि त्यांच्या तपासणीत रक्ताची उणीव मध्यम ते तीव्र आढळली होती. तरीही आरंभीच नळी उघडण्याच्या धोरणाने मृत्यू घटले नाहीत. छातीतील कळ असलेल्यांना आराम मिळाला, एवढेच. २०२२ सालच्या 'रिव्हाइव्हड' अभ्यासात ७०० रुग्णांचा दुबळा स्नायू जिवंत असल्याचे दाखवून मग त्यांतील सुमारे निम्म्यांना स्टेंट बसवले, तेथेही औषधांच्या तुलनेत मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणजे 'स्नायू जिवंत आहे' हा अहवाल शस्त्रकर्माचा परवाना नव्हे. नाहीतर खासगी क्षेत्र या कॅमेऱ्यालाही विक्रेता बनवील.

तेव्हा तालुक्या-तालुक्यात गॅमा कॅमेरा मागणे हा भाबडेपणा होईल. टेक्नेशियम सहा तासांत निम्मे होते, ते देणारे मॉलिब्डेनम ६६ तासांत. साठवून ठेवण्याजोगी ही वस्तूच नाही. २००९ साली कॅनडातील एक जुनी अणुभट्टी बंद पडली आणि जगभरच्या तपासण्या खोळंबल्या. अशा वस्तूचा पुरवठा नफ्यावर सोडता येत नाही. तरीही मे २०२० मध्ये केंद्र सरकारने वैद्यकीय समस्थानिकांसाठी खासगी भागीदारीतील अणुभट्टीची घोषणा केली. सत्तर वर्षे जनतेने पोसलेल्या विद्येत भांडवलदाराला वाटेकरी कशासाठी करायचे?

मागणी नेमकी हवी. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ही तपासणी विनामूल्य मिळावी. स्थिर रुग्णाच्या स्टेंटचे पैसे देण्यापूर्वी योजनेने त्याची लक्षणे, आधी दिलेली औषधे आणि तपासणीचा पुरावा मागावा. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या व अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या बारमाही असाव्यात. त्या आहेत की नाहीत, हे पाहायला अणुशास्त्र लागत नाही; कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या केंद्रातील साठा-नोंदवही या आठवड्यातच उघडायला लावावी.