कोणाच्या रक्ताचे गणित?

संगणकीय जैवअभियांत्रिकी ही विशेष शाखा पदवीच्या पातळीवरच शिकवावी काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा पदवीधराला मिळणाऱ्या नोकरीपाशी येऊन थांबते. नागपूरसारख्या शहरात ती तेथे थांबता कामा नये.

मध्य भारतात सिकलसेलचा आढळ असल्याचे शुक्ल व सोळंकी या नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडले. हिमोग्लोबिनच्या जनुकातील एकच अक्षर बदलते, तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि रुग्ण असह्य वेदना सोसतो. विदर्भात या व्याधीचा भार प्रामुख्याने दलित व आदिवासी कुटुंबांवर आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने या रोगावरील पहिल्या जनुकसंपादन उपचाराला मान्यता दिली. त्याची तेथील किंमत २२ लाख डॉलर! जनुक नेमके कोठे कापावे आणि चुकून भलतीकडे काप जाईल काय, हे ठरविण्यात संगणकीय गणिताचा मोठा वाटा असतो. या गणितासाठी तपासलेली माणसांची जनुकीय माहिती पुरेशी होती काय, याची चर्चा त्या देशाच्या औषध नियामकाच्या सल्लागारांनी मान्यतेपूर्वीच, ऑक्टोबरमध्ये केली होती. प्रश्नाचे मर्म येथे आहे. ज्यांची माहिती गणितात नाही, त्यांच्या धोक्याविषयी ते गणित मौनच पाळणार. गडचिरोलीच्या माडियाचे किंवा मेळघाटच्या कोरकूचे रक्त त्या हिशेबात धरावयाचे, तर तो हिशेब मांडणारी माणसे येथेच घडली पाहिजेत.

म्हणून ही शाखा अवश्य असावी. मात्र ती घाईने उभारू नये. पहिली दोन वर्षे गणित, संख्याशास्त्र, रसायन व जीवशास्त्र यांचा पाया घालावा. विशेषीकरण नंतर यावे. आजच्या संगणक प्रणाली पाच-दहा वर्षांत जुन्या होतील, पाया जुना होणार नाही. विद्यार्थ्याने प्रयोगशाळेइतकाच काळ रुग्णालयात घालवावा. रक्त देणाऱ्याला त्याच्या भाषेत सर्व समजावून त्याची संमती घेणे, हाही अभ्यासक्रमाचाच भाग मानावा. आणि गणित कितीही प्रगत झाले तरी गावातील रक्ततपासणी आणि हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या यांची जागा ते घेऊ शकत नाही, हेही त्याला शिकवावे.

राहिला खर्चाचा प्रश्न. नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था १९४२ साली एका दात्याच्या मृत्युपत्रातील देणगीतून उभी राहिली. खासगी संपत्ती सार्वजनिक विद्येच्या कामी आल्याचे हे उदाहरण आपल्याच शहरातले आहे. उलट ही नवी शाखा केवळ भरमसाट शुल्काच्या महाविद्यालयांत राहिली, तर ज्यांच्या घरात हा रोग आहे त्यांचीच मुले तिच्या दाराबाहेर राहतील. रक्त त्यांचे, विद्या दुसऱ्यांची आणि औषध तिसऱ्याच्या मालकीचे, अशी ही वाटणी होईल.

तेव्हा कार्यकर्त्यांनी मागणी करावयाची ती शासकीय संस्थांतील जागांची, शिष्यवृत्तीची आणि संशोधनाच्या फळावरील सार्वजनिक हक्काची.