खडी पसरली म्हणजे रस्ता झाला?

भालकी, औराद, बसवकल्याण, इकडे आळंद. आडगावाचा रस्ता मंजूर झाला की आधी खडीचे ढीग येऊन पडतात. मग ती पसरली जाते आणि पुष्कळदा डांबराची वाट पाहत महिनोन्‌महिने तशीच मोकळी पडून राहते.

तोवर हाल दुचाकीवाल्याचे. वळणावर पुढचे चाक खडीवर गेले की ब्रेक दाबावा तरी पंचाईत, न दाबावा तरी पंचाईत. तुरीची पोती भरलेला ट्रॅक्टर पुढे असला तर त्याच्या टायरखालून उडालेला खडा थेट नडगीवर बसतो. गाणगापूरला किंवा माणिकनगरला अनवाणी निघालेल्या भाविकांचे तर विचारूच नका.

यात खडीचा दोष नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये मॅकॅडम या रस्ते-अभियंत्याने दाखवून दिले, की लहान, कोनदार फोडलेली खडी एकमेकींत अडकून घट्ट बसते. आपले डब्ल्यूबीएम, म्हणजे वॉटर बाउंड मॅकॅडम, त्याच तत्त्वावर चालते. दबून ७५ मिलिमीटर होईल एवढा थर, कडेकडून मध्याकडे रोलर, मग कच, पाणी, मुरूम आणि पुन्हा रोलर. चुकवेगिरी होते ती नेमकी पाण्यात आणि रोलरच्या फेऱ्यांत, कारण काम संपल्यावर त्या कुणाला मोजता येत नाहीत.

त्यात इथली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. थेट तिच्यावर खडी टाकली की पहिल्याच पावसाळ्यात खडी खाली आणि चिखल वर. मध्ये मुरमाचा थर हवाच. बिदरने मुरूम नाही म्हणावे, हे तर नवलच! अख्खे पठार जांभ्याचे; किल्ल्याचा तिहेरी खंदक याच दगडात खोदलेला, नौबादचा कारेझ, म्हणजे जमिनीखालचा पाण्याचा बोगदाही, याच्याच पोटातून गेलेला. शहाबादकडे फरशीच्या खाणींभोवती टाकाऊ दगडाचे डोंगर साचलेत. तेही तपासून खालच्या थराला वापरता येतील.

पैशाची सबबही आता पटणारी नाही. २०१२च्या घटनादुरुस्तीने ३७१ (जे) कलम आले, कर्नाटकाच्या या भागासाठी वेगळे विकास मंडळ झाले.

आठवड्यात दाबता येईल तेवढीच खडी पसरावी आणि दबाई तपासल्याशिवाय बिल काढू नये, एवढी अट मंडळाने व जिल्हा पंचायतींनी घालावी. गावकऱ्यांनीही कामावर उभे राहून पाहावे. रोलरपुढे खडी सरकत असेल तर दबाई अपुरी आहे. हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही.